तिघऱ्याची ‘सुरक्षा’ आणि माझे तीन महिने

दर पावसाळ्यात आमच्या ग्वाल्हेरला पाणी पुरवणारं तिघरा धरण भरत आलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. कुठल्याशा धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, मागून कुणी ‘देखिए, देखिए’ ओरडतंय. खाली लिहिलेलं असतं ‘तिघरा, ग्वाल्हेर’. धरण कुठलं ते देव जाणे. मग पुण्याहून भाच्याचा फोन: ‘आत्या, तू बरी आहेस ना?’ अरे बाबा, तिघरा ज्या सांक नदीवर आहे ती शहरातल्या आमच्या लश्कर भागातून वाहत नाही, ती मुरैन्याकडे जाते. तिघऱ्याचं काही झालं तर आमच्या दौलतगंजात पाणी शिरणार नाही, उलट नळाचं जाईल. आधीच ते कधीकधी एक दिवसाआड येतं.

पण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. ग्वाल्हेर संस्थानच्या माधव महाराज शिंद्यांच्या काळात बांधलेलं हे धरण ऑगस्ट १९१७ मध्ये खरंच फुटलं होतं. पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरलं आणि भिंत गेली. पुढे ते पुन्हा बांधलं. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, व्हिडिओ बघायचे नाहीत, कागद बघायचा. बांध सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे मोठ्या धरणाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावीच लागते. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतातच, आणि तिघरा चोवीस मीटरच्या आसपास आहे. तपासणी होते म्हणजे अहवाल असणार. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरले की झालं, असं मला वाटलं.

अर्ज आधी चुकीच्या कार्यालयात गेला. त्यांनी तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवला आणि मला तसं पत्रही आलं. कायद्यात तशी सोयच आहे, तेव्हा कार्यालय चुकेल म्हणून अडून बसू नका.

घोळ माझ्याच एका वाक्याने झाला. मी हिंदीत लिहिलं होतं, ‘बाँध की सुरक्षा से संबंधित समस्त जानकारी’. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: विषय सुरक्षेचा आहे, कलम ८(१)(क), माहिती देता येत नाही. ते कलम देशाच्या सुरक्षेचं! मी गणिताची मास्तरीण, मला कुणी हेर समजेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

गेले. खिडकीतल्या बाबूजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘मैडम, सुरक्षा तो गोपनीय होती है न.’ मी म्हटलं, अहो, कायद्याच्या नावातच सुरक्षा आहे. ते म्हणाले, ‘वो वाली सुरक्षा अलग है.’ आणि गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर होतं! आपल्याकडे सुरक्षा वेगळी, सुरक्षितता वेगळी. पहारा बसवतात ती सुरक्षा, आणि भिंत धड आहे की नाही ती सुरक्षितता. हिंदीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. घरी मराठी, बाहेर हिंदी अशी साठ वर्षं काढली, पण हा खड्डा कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला फाइल ‘ऊपर’. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. जिन्यात पंख्याखाली एक बाक आहे, त्यावर मी दीड तास बसले. पंखा बंद. शेजारी जमिनीच्या नकलेसाठी आलेले एक काका होते, त्यांची ही नववी खेप. त्यांच्यासमोर मला तक्रार करायचीही लाज वाटली. चौथ्या खेपेला बाबूजींनाच माझी कणव आली. म्हणाले, ‘चौकीदारों की संख्या दे दें? उतना तो हो जाएगा.’ मी हसू की रडू! त्या दिवशी घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर विनाकारण ओरडले.

वेळेत आठवलं म्हणून बरं. नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करावं लागतं, आणि मी त्यातले सव्वीस बाकावर घालवले होते. तुम्ही असं करू नका. नकार आला की खेपा थांबवा, अपील लिहा. आमच्या मध्य प्रदेशात त्याचे ५० रुपये लागतात.

अपिलात ‘सुरक्षा’ हा शब्द एकदाही वापरला नाही. ‘समस्त’ही काढून टाकला. लिहिलं, मानसूनपूर्व व मानसूनोत्तर निरीक्षण प्रतिवेदन, रिसाव मापन पंजी (म्हणजे झिरपणारं पाणी मोजल्याची नोंदवही), गेटांच्या देखभालीची नोंद, सगळं मागच्या एका वर्षाचं. काही भाग खरंच गोपनीय असेल तर तो झाकून बाकीचा द्या, कलम १०. सुनावणी दहा मिनिटांत संपली. अपील ऐकणारे साहेब स्वतः अभियंते. यादी वाचून म्हणाले, ‘ये पहले ही लिख देतीं!’ राग आला, पण गिळला.

कागद बसून बघता येतात, हे फार लोकांना ठाऊक नसतं. मी नकला थोड्याच घेतल्या, बाकी नोंदवही तिथेच वाचली. एका तरुण अभियंत्याने समजावलं की दगडी धरणात थोडं पाणी झिरपणारच. ते नालीत गोळा करून व्ही आकाराच्या खाचेवरून मोजतात. झिरपतंय म्हणून घाबरायचं नसतं, तलावाची पातळी तीच असताना गेल्या वर्षीपेक्षा जास्त झिरपतंय का, ते पाहायचं. ७४० फुटांना (हे फूट समुद्रसपाटीपासूनचे) पूर्ण भरलेल्या तलावाची तुलना ७३० फुटांशी करून उपयोग नाही. आणि पाणी गढूळ आलं तर पायातली माती किंवा चुना वाहून जातोय असं समजायचं. हे गणित मला शाळेतल्या मुलांना शिकवायला आवडलं असतं.

हो, अर्जात ‘का’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतो, खुलासा नाही. आणि माहिती कशासाठी हवी, हे सांगायची सक्ती नाही, बाबूजींनी विचारलं तरी. मी मात्र भाच्याचं सांगून बसले.

या ऑगस्टमध्ये तोच व्हिडिओ पुन्हा आला. मी खाली लिहिलं, ‘पातळी किती फूट? पाणी गढूळ की स्वच्छ?’ भाच्याने नुसता अंगठा पाठवला.