केम्पेनमधल्या खेड्यात घर घेतलं, पण एका दाखल्याने जीव काढला

घरात येऊन वर्ष उलटलं, तरी निळ्या शाईचं पेन दिसलं की माझ्या कपाळावर आठी येते. नेदरलँड्समध्ये घर घ्यायचं म्हटलं की लोक बोली, व्याजदर आणि घरांची टंचाई यांच्याच गोष्टी सांगतात. आमचं घर त्यातल्या कशावरही अडलं नाही. ते अडलं एका छापील फॉर्मवर, ज्यात मी कुठे नोकरी करते आणि पगार किती, एवढंच लिहायचं असतं.

आधी गाव सांगते. आयंधोवनच्या नैर्ऋत्येला केम्पेन नावाचा पट्टा आहे. जमीन रेताड, एके काळी अगदी गरीब. इथे एरसेल, डाउझेल, स्टेनसेल, क्नेग्सेल अशी ‘सेल’ लावलेली गावं आहेत आणि अशा आठ गावांना मिळून गमतीने ‘आठ धन्यता’ म्हणतात. त्यातली काही एरसेलच्या खेमेंतेत येतात. खेमेंते म्हणजे आपली नगरपालिका म्हणा, पण इथली सहा खेड्यांची मिळून एक. आम्ही तोवर वेल्डहोवनमध्ये भाड्याने राहत होतो. तिथून सायकलने अर्ध्या तासाच्या आत आमचं हे नवं गाव. एक चर्च, एक शाळा, आणि आठ माणसांची छोटी बस, जी गावातलेच निवृत्त लोक पगार न घेता चालवतात. बस चुकली तर पुढच्या वेळी ड्रायव्हरच विचारतो, काल कुठे होतात?

घर १९७२ चं. शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक, मागे लांबलचक परस, त्याच्या टोकाला पत्र्यासारखं छप्पर असलेली शेड. विकणारे आजी-आजोबा होते, त्यांना जिना झेपेना म्हणून ते फ्लॅटमध्ये चालले होते. सांगितलेली किंमत ४,१५,००० युरो, आम्ही ४,२५,००० म्हटलं. दोन अटी घातल्या, घराची तांत्रिक तपासणी आणि कर्ज मंजूर होणं. दोन दिवसांनी आमच्या माकेलारचा, म्हणजे एजंटचा फोन आला, घर तुमचं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. ते रडणं जरा लवकर झालं.

करारावर १२ सप्टेंबर २०२४ ला सह्या झाल्या. गणपती नुकतेच बसले होते. सही केलेली प्रत हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. त्यात कारण न देता माघार घेता येते. पण त्या तिनात निदान दोन कामाचे दिवस असावे लागतात. आम्हाला प्रत गुरुवारी मिळाली, म्हणून मुदत सोमवारी रात्रीपर्यंत गेली. आम्ही काही माघार घेणार नव्हतो. खरी तारीख पुढची होती : २४ ऑक्टोबर. तोवर कर्ज मंजूर झालं नाही, तर त्याच तारखेच्या आत लेखी कळवून, नकाराचा कागद जोडून करार मोडायचा. गप्प राहिलात आणि नंतर कर्ज मिळालं नाही, तर किमतीच्या १० टक्के दंड. आमच्या बाबतीत ४२,५०० युरो. हा आकडा मी पुढचे सहा आठवडे झोपेत बघत होते.

कर्जासाठी पगारदार माणसाला मालकाचा दाखला लागतो. डच शब्द आहे वेर्कखेवर्सफरक्लारिंग. हा शब्द मला नीट म्हणता येईपर्यंत तो दाखला तीनदा परत आला होता. कर्ज मुख्यतः माझ्या पगारावर होतं, नवऱ्याची नोकरी नवी होती. त्यामुळे सगळा भार माझ्या दाखल्यावर.

पहिला दाखला आमच्या एचआरमधल्या मुलीने हाताने भरला. माझी रुजू होण्याची तारीख २०२१ ऐवजी २०२० लिहिली गेली. तिने शून्यावर रेघ मारली, वर एक लिहिला आणि शेजारी छोटी सही केली. मला तर ते पाहून बरंच वाटलं. आपल्याकडे तलाठ्यापासून बँकेपर्यंत कोणीही हेच सांगतो, खाडाखोड झाली तर शेजारी सही करा. इथे उलट आहे. खोडलेलं दिसलं की कागद बाद. शेजारी सही असली तर दुप्पट बाद, कारण मग खोडलंय हे त्यांना शोधायचीही गरज उरत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने चार दिवसांनी एका ओळीत कळवलं : फॉर्ममध्ये दुरुस्ती आहे, नवा पाठवा. कुठली दुरुस्ती, काय चुकलं, काही नाही.

आमचा एचआर विभाग दुसऱ्या शहरात बसतो. तिथे मेल केली की आधी एक नंबर मिळतो, मग ‘तुमची विनंती आम्हाला मिळाली’ अशी मेल येते, आणि मग पाच कामाचे दिवस शांतता. दुसरा दाखला टाईप करून आला. मी उघडला, तारीख बरोबर, खाडाखोड नाही, पुढे पाठवला. इथे माझी स्वतःची चूक आहे, मी आकडे बेरीज करून पाहिले नाहीत. इथे वर्षाच्या पगारावर निदान ८ टक्के सुट्टीचा भत्ता असतो, बहुतेक जणांना तो मे महिन्यात एकरकमी मिळतो. फॉर्ममध्ये वार्षिक पगाराला एक रकाना आणि या भत्त्याला वेगळा रकाना आहे. एचआरने भत्ता वार्षिक पगारात धरलाच होता आणि वेगळ्या रकान्यात पुन्हा लिहिला. म्हणजे कागदोपत्री मी होते त्यापेक्षा श्रीमंत झाले. पगारपत्रकाशी जुळेना. परत.

तिसऱ्याच्या वेळी जे झालं ते मी आजही लोकांना सांगते. माझ्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये माझं नाव आणि नवऱ्याचं नाव आहे, आणि आडनाव वेगळ्या ओळीत. आपली नेहमीची पद्धत. एचआरच्या नव्या सिस्टीमने दुसरा शब्द आडनाव म्हणून उचलला आणि खरं आडनाव गाळलं. आता नवरा या कर्जात सहअर्जदार. त्याच्या कागदावर त्याचं पहिलं नाव, माझ्या कागदावर तेच नाव आडनाव म्हणून. कर्जवाल्यांना वाटलं, दोन माणसांची माहिती एकमेकांत मिसळली आहे. आमच्या कर्जाचं काम बघणाऱ्या सल्लागाराचा फोन आला.

“हे तुमचं आडनाव आहे का?”
“नाही, ते नवऱ्याचं नाव.”
“म्हणजे नवऱ्याचं आडनाव?”
“नाही, पहिलं नाव. ते माझं मधलं नाव आहे.”
“लग्नाआधी मधलं नाव नव्हतं?”
“होतं. वडिलांचं.”
तो बिचारा थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, “आणि तुमच्या नवऱ्याचं मधलं नाव?”
“त्याच्या वडिलांचं.”

त्याने हे सगळं लिहून घेतलं असावं, कारण पुढच्या मेलमध्ये त्याने माझं पूर्ण नाव न चुकता लिहिलं होतं. पण दाखला तो दाखला, तो नवा लागणारच. तारीख झाली होती १६ ऑक्टोबर.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, पुरे झाली मेल. १८ ला रजा टाकली, गाडीने एचआरच्या ऑफिसला गेले. बरोबर पासपोर्ट, तीन महिन्यांची पगारपत्रकं, कोरा फॉर्म तीन प्रतींत, आणि दोन निळी पेनं. कोणीतरी सांगितलं होतं की सगळं एकाच पेनने एकाच माणसाने भरलं पाहिजे आणि चिकटवलेली सही चालत नाही. रिसेप्शनवर सांगितलं, वेळ घेतलेली नाही पण बसते. पाऊण तासाने एक वयस्कर बाई बाहेर आल्या. त्या आल्या ही देवाचीच कृपा, कारण त्यांनी फॉर्म पाहिला आणि हसल्या. म्हणाल्या, मी हे पंचवीस वर्षं भरतेय, चला. त्यांनी समोर बसून एकेक रकाना मोठ्याने वाचत भरला. कंपनीने तुम्हाला खाजगी कर्ज दिलंय? नाही. पगारावर जप्ती आहे? नाही. तुम्ही संचालक किंवा भागधारक आहात? इथे त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, असते तर स्वतःच सही केली असती. आठव्या रकान्यात त्यांचा हात थोडा हलला आणि एका अक्षराला शेपूट फुटलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो फॉर्म चुरगाळून टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला. या बाईला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

तरी संपलं नाही. कर्जवाले दाखल्यावरच्या नंबरला फोन करून खात्री करतात. तो नंबर रिसेप्शनचा. तीन दिवस त्यांचा माणूस म्हणत होता, कोणी उचलत नाही. रिसेप्शन म्हणत होतं, फोन आलाच नाही.

२३ तारखेला आमच्या माकेलारने आजी-आजोबांकडे एक आठवडा वाढवून मागितला. त्यांना नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता, आणि दुसरे घेणारे रांगेत होते. आजोबा फोनवर एवढंच म्हणाले, “कोम्त खूत.” होईल सगळं नीट. पण आमच्या माकेलारने तो शब्द धरून न बसता ३१ ऑक्टोबर ही तारीख लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. तुम्हीही हेच करा. गावातली माणसं कितीही गोड असली तरी तारीख कागदावर हवी.

२९ ऑक्टोबरला कर्ज पक्कं झाल्याची मेल आली. आई फोनवर म्हणाली, धनत्रयोदशी आहे बघ आज. मी म्हटलं, मंगळवार आहे.

ज्याचा मला सगळ्यात राग येतो ते आता सांगते. कायमची नोकरी असेल तर बऱ्याच कर्जवाल्यांना हा दाखला लागतच नाही. यूडब्ल्यूव्ही या नोकरदारांच्या विम्याचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर डिजिडीने, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉगिन करून पगाराचा अहवाल पाच मिनिटांत उतरवता येतो आणि त्यावरून उत्पन्न काढतात. मला हे दुसरा दाखला परत आल्यावर कळलं. आमचा सल्लागार म्हणाला, तुमच्यासाठी ते तोट्याचं आहे, कारण तुम्हाला परदेशातून आल्याची ३० टक्क्यांची करसवलत आहे आणि करमुक्त भाग त्या अहवालात दिसत नाही. म्हणजे उत्पन्न कमी दिसणार. बरोबर असेल. पण सवलत नसलेल्यांनी, किंवा कर्ज तेवढ्यात बसत असेल त्यांनी, पहिल्याच भेटीत या अहवालाबद्दल विचारा.

बाकीच्या गोष्टी जशा आठवतील तशा.

मालमत्ता हस्तांतराचा कर २ टक्के. पण घेणारा नोटारिसकडे, म्हणजे घराचा दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सही करताना ३५ च्या आत असेल, ही सवलत आधी घेतलेली नसेल, स्वतः राहणार असेल आणि घर ठरावीक किमतीच्या आत असेल, तर त्याच्या हिश्शाला कर माफ. २०२४ ला ही मर्यादा ५,१०,००० होती. मी ३६ ची, नवरा ३४ चा. आमच्या लग्नात मुलगी दोन वर्षांनी मोठी म्हणून त्याच्या दोन्ही आत्यांनी तोंड वाकडं केलं होतं. निम्मं घर त्याच्या नावावर, निम्मा कर माफ, ४,२५० युरो वाचले. आत्यांना कळवलं आहे.

कर्जाला राष्ट्रीय हमी घेतली, तेव्हा ती ४,३५,००० पर्यंतच्या घरांना मिळत होती. त्यासाठी कर्जाच्या ०.६ टक्के एकदाच भरावे लागले, बदल्यात व्याज थोडं कमी.

शेडचं छप्पर ॲस्बेस्टॉसचं निघालं, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक. जुन्या घरांच्या करारात त्याबद्दल वेगळं कलमच असतं, सही करण्याआधी ते वाचा, कारण नंतर विकणाऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. अशी छपरं काढायची सक्ती करणारा कायदा २०१९ मध्ये वरिष्ठ सभागृहात पडला, म्हणून खेड्यापाड्यांत ती अजून दिसतात. पत्रे स्क्रूने बसवलेले आणि धड असतील तर ३५ चौरस मीटरपर्यंत घरमालक स्वतः काढू शकतो, पण खेमेंतेला आधी कळवून. आमची शेड ४० ची. नशीबच तसं.

काय ठेवणार आणि काय नेणार याची यादी करारासोबत येते. पडदे, दिवे, अगदी लाकडी जमीनसुद्धा त्यात लिहिलेली असते. ती ओळ न् ओळ वाचा. आमच्या यादीत कोंबड्यांचं खुराडं ‘ठेवणार’ आणि कोंबड्या ‘नेणार’ असं होतं.

नोटारिसकडे दुभाषा लागला. माझं डच दुकानात आणि बसमध्ये चालतं, पण नोटारिसने दोन प्रश्न विचारले आणि नकारार्थी मान हलवली. दुभाष्याचे पैसे वेगळे. सह्यांच्या सकाळी घराची शेवटची पाहणी असते, तेव्हा मीटरचे आकडे लिहून घ्यायचे. आजोबांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि मला परसाच्या कडेला, हिरव्या पेटीपाशी नेलं. गावाबाहेरच्या घरांचं सांडपाणी पंपाने ढकलतात, त्याची ती पेटी, वर लाल दिवा. दिवा लागला तर पंप बंद पडला समजायचं, आणि आंघोळ थांबवायची. त्यांनी पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली, कोणाला फोन करायचा ती. हाताने लिहिलेली, निळ्या शाईत. एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला होता. मी त्याच नंबरला फेब्रुवारीत फोन केला, पहिल्या रिंगला उचलला.