माझा अनुभव: पंधरा बियरच्या बाटल्यांचा कपॅसिटर, आणि शेवटी विकत घेतलेला

सुरुवात नरकासुरापासून झाली. आमच्या वाड्यावरची पोरं दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतात, आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो, आणि जुलैतच भाच्याने डोक्यात भरवलं की मामा यंदा नरकासुराच्या बोटांतून खरी वीज काढू. गर्दीत असली वस्तू नेणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पण टेस्ला कॉइलचा (हवेत लांब ठिणग्या सोडणारं यंत्र) किडा एकदा शिरला की शिरला. सेकंडरी कॉइल, म्हणजे वरची बारीक तारेची उंच गुंडाळी, गुंडाळायला दोन रविवार गेले, ते सोपं काम, फक्त चिकाटी लागते. खरं घोडं अडलं कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागावर.

ट्रान्सफॉर्मर म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला, निऑनच्या पाटीचा, जुना, डांबर ओतलेला, लोखंडी. आता सगळ्या पाट्या एलईडीच्या झाल्यात त्यामुळे हे असले पडून असतात (नवीन इलेक्ट्रॉनिक निऑन सप्लाय ह्या कामाला चालत नाही, घेऊ नका). तो विचारतो, "हें तुका कित्याक जाय?" (हे तुला कशाला हवं?) मी म्हटलं शोभेला. त्यातून बाहेर पडतात 9 हजार व्होल्ट, 30 मिलिअँप. 30 मिलिअँप ऐकायला किरकोळ वाटतं पण 9 हजार व्होल्टवर तेवढ्यात माणूस जातो, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही आणि एकट्याने चालवायचं नाही हा नियम भिंतीवर लिहूनच ठेवला.

हिशेब असा. 50 हर्ट्झला ह्या ट्रान्सफॉर्मरला जुळणारा कपॅसिटर येतो साधारण 10.6 नॅनोफॅरॅड. नॅनोफॅरॅड म्हणजे काहीच नाही (हजार नॅनो म्हणजे एक मायक्रो), पंख्याचा कपॅसिटरसुद्धा दोन-अडीच मायक्रोफॅरॅडचा असतो, पण पंख्याच्या कपॅसिटरला 440 व्होल्ट सोसायचे असतात आणि ह्याला पीकला पावणेतेरा हजाराच्या आसपास, तेही दर सेकंदाला शेकडो वेळा एकदम रिकामं होत होत. तिथेच सगळी गोम आहे.

विकत बघितले तर आकडे बघून पोटात गोळा आला, म्हणून म्हटलं घरी करू. सगळ्यात जुनी युक्ती बाटलीची, 1745-46 मध्ये लायडनला लोकांनी पाणी भरलेल्या बरणीत वीज साठवली तीच. काच मधे, आत मिठाचं पाणी, बाहेर मिठाचं पाणी, झाला कपॅसिटर. अशा बरण्यांच्या रांगेला फ्रँकलिनने बॅटरी म्हटलं, शब्द तिथूनच आला. आणि गोव्यात बाटल्यांना काय तोटा! तावेर्नवाल्याकडे, म्हणजे दारूच्या गुत्त्यावर, पंधरा रिकाम्या मागितल्या तर तो म्हणतो, "भरिल्ल्यो नाकात?" (भरलेल्या नकोत?)

650 मिलीच्या एका बाटलीचे मीटरवर 0.7 नॅनोफॅरॅड भरले. म्हणून पंधरा. मासळी धुवायचा मोठा प्लास्टिकचा टब घेतला (आईला न विचारता, ते प्रकरण वेगळं), त्यात खारं पाणी, त्यात बाटल्या उभ्या, प्रत्येकीत खारं पाणी आणि एक जाड तांब्याची तार, सगळ्या तारा वर एकत्र. मीठ आपलं मिठागरातलं जाडं. सगळ्यांत वर तेलाचा थर द्यावा लागतो, नाहीतर पाण्याच्या काठावरून वीज काचेवर पसरते. बाहेर टबात ट्रान्सफॉर्मर तेल ओतलं, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून नवं आणलेलं, आणि बाटल्यांच्या आत लिक्विड पॅराफिन, जे फार्मसीत जुलाबाचं औषध म्हणून मिळतं. मी एकदम सहा बाटल्या मागितल्यावर फार्मसीवाल्याने हळू आवाजात विचारलं, पेशंटचं वय काय?

चालू केलं आणि चाललं! वीतभर ठिणगी, जांभळी, तडतड आवाज, भाचा नाचायला लागला. मग शेडमधली लाईट बंद केली तेव्हा खरी गोष्ट दिसली. ठिणगी वर निघतेय ती वेगळी, पण जिथे माझा तेलाचा थर पातळ झाला होता त्या चार-पाच बाटल्यांच्या मानेभोवती निळसर बांगडी पेटलेली, सर्रर्र आवाज, आणि ओझोनचा तो तिखट वास. म्हणजे माझी वीज तिथेच खर्च होत होती. पाच मिनिटांनी प्लग काढून, शॉर्ट करून (दोन्ही टोकं तारेने जोडून चार्ज उतरवून) हात लावला तर बाटल्या कोमट. साधी काच ह्या कामाला लॉसी असते, थोडी ऊर्जा दर वेळी स्वतःच खाते.

आणि पावसाळा. गोव्यातला ऑगस्ट म्हणजे कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी, तिथे मिठाने माखलेली काच कशी कोरडी राहणार? सकाळी बघावं तर बाटल्यांच्या गळ्यावर खारट घाम आलेला. रोज कापडाने पुसायचं, मग चालवायचं. दहा दिवसांत एका बाटलीला तळाच्या कडेला टाचणीएवढं भोक पडलं, काचेत एक बारीक पांढरी रेघ आणि आत काळा ठिपका, बस. टबाचं वजन तीसेक किलो, हलवायचं म्हणजे दोन माणसं. एकदा सगळं सोडवून, शॉर्ट करून, दहा मिनिटांनी टब उचलायला गेलो तर तारेने कोपरापर्यंत झटका दिला. काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि खाल्लेलं ह्यात फरक असतो. तेव्हापासून शॉर्टची तार लावूनच ठेवतो, काढतच नाही.

मग दुसरा प्रयोग, गुंडाळीचा. हार्डवेअरमधून पावसाळी झाकायचा पारदर्शक प्लास्टिक कागद, पॉलिथीन, सहा थर मिळून 0.9 मिलिमीटर, आणि पोळ्या बांधायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मीटरभर, कडेला प्लास्टिक चांगलं रुंद सोडून. गुंडाळून पीव्हीसी पाइपात घातलं आणि ट्रान्सफॉर्मर तेल भरलं. ह्यात मला एक फार आवडलेली गोष्ट म्हणजे तेल ओतल्यावर मीटर बघत बसणं, सुरुवातीला साडेआठ नॅनोफॅरॅड, आणि जसजसं तेल आत झिरपून हवेची जागा घेतं तसतसा आकडा चढतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या थोडा वर. मी समजलो हवा गेली. सगळी गेली नव्हती. व्हॅक्यूम पंप लावून बुडबुडे काढावे लागतात, माझ्याकडे कुठला पंप, मी पाइप आपटून आपटून काढले.

सव्वा मिनिट चाललं. टप्प. इतका बारीक आवाज की मला वाटलं पाल पडली. उलगडून बघितलं, तेलाने हात बरबटलेले, तर फॉइलच्या एका कोपऱ्यावर सुरकुती, आणि बरोबर त्याच्याखाली सहाही थरांतून आरपार भोक, कडा काळ्या, वितळून गोळा झालेल्या. सहा थर, सहा भोकं, एका रेषेत. जिथे टोक असतं तिथे दाब वाढतो आणि जिथे हवेचा बुडबुडा असतो तिथे आधी जळायला सुरुवात होते, ह्या दोन वाक्यांसाठी माझे दोन आठवडे आणि चार लिटर तेल गेलं.

आता विकत. आधी स्वस्ताईच्या नादात ऑनलाइन निळ्या सिरॅमिक चकत्या मागवल्या, 15 केव्ही लिहिलेल्या. ह्या चकत्यांतल्या बऱ्याच अशा मसाल्याच्या असतात की व्होल्टेज चढलं की कपॅसिटी उतरते, वर गरम होतात. दोन तडकल्या, उरलेल्या डब्यात आहेत, कोणाला हव्या तर घेऊन जा.

मग एकदाचे डोळे मिटून पॉलिप्रॉपिलीनचे पल्स कपॅसिटर मागवले, कॉर्नेल डुबिलियरची 942सी सिरीज, टेस्ला कॉइलवाल्यांमध्ये हेच चालतात, 0.15 मायक्रोफॅरॅड, 2000 व्होल्ट डीसी. बारा घेतले, दहा लावायला दोन राखीव. ड्युटी, कुरियर सगळं धरून आठ हजारांच्या आत बसलं, बायकोला पाच सांगितले. दहा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावले की 15 नॅनोफॅरॅड आणि 20 हजार व्होल्ट. 15 म्हणजे जुळणाऱ्या आकड्याच्या मुद्दाम जवळजवळ दीडपट, कारण बरोबर जुळवला तर रेझोनन्सने व्होल्टेज चढून ट्रान्सफॉर्मरच जायची भीती असते, म्हणजे बाटल्यांच्या वेळी मी नशिबाने वाचलो.

विकत घेतले म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. प्रत्येक कपॅसिटरला आडवा रेझिस्टर लागतो, दहा मेगोहमच्या आसपास, म्हणजे बंद केल्यावर आठ-दहा सेकंदांत चार्ज उतरतो. साध्या अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरला हजाराच्या वरचं व्होल्टेज झेपत नाही, म्हणून 3.3 मेगोहमचे चार-चार सिरीजमध्ये सोल्डर केले, एकूण चाळीस, मान आखडली. पण हे सगळं मिळून जेवणाच्या डब्याएवढं! टबाच्या जागी डबा.

लावलं, चालू केलं, आणि ठिणगी बाटल्यांपेक्षाही लहान. आठ हजार! भाचा काही बोलला नाही, त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. अर्ध्या तासाने डोक्यात उजेड पडला की कपॅसिटर दहाचा पंधरा झाला म्हणजे प्रायमरीचं, म्हणजे खालच्या जाड गुंडाळीचं, ट्यूनिंग हललं, वेढे कमी करायला पाहिजेत. प्लग काढून टॅप (गुंडाळीला जोडायचा चिमटा) दहाव्या वेढ्यावरून सरकवत सरकवत साडेआठवर आणला आणि तिथे ती सुटली, दीड फूट, सणसणीत, अर्धा तास थांबत थांबत चालवली तरी कपॅसिटर गार.

नरकासुराच्या रात्री पोरं आठ-आठ करून शेडमध्ये येऊन बघून गेली, दोरीच्या पलीकडून. बाहेर नरकासुराला साधे एलईडीच लावले होते.

आई आता त्या चौदा बाटल्या कोकमाचं आगळ भरायला मागतेय. तेल आणि जुलाबाचं औषध होतं त्यात हे सांगितलंय, तरी म्हणते गरम पाण्याने धुतल्या की झालं. टब मात्र तिने परत घेतला नाही.