तुम्ही विचारलंत म्हणून: नेरूळात रग्बी आली कुठून?

हातात शहाळ्यासारखा चेंडू दिसला की लिफ्टमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "ते हेल्मेट घालून आपटतात, तेच ना हे?" ते अमेरिकन फुटबॉल. दुसरा प्रश्न: "आणि नेरूळात कुणी सुरू केलं हे?" उत्तर होईस्तोवर पाचवा मजला येतो. म्हणून आज सविस्तर.

सुरू केलं पावसाने. नवी मुंबईतल्या आमच्या सेक्टरचं मैदान आठ महिने क्रिकेटवाल्यांचं. एकाच वेळी सहा मॅचेस, तुमचा फील्डर आमच्या पिचवर. जूनमध्ये पहिली मोठी सर आली की स्टंप काखोटीला मारून सगळे घरी, मैदान म्हशींना मोकळं. आमच्या ऑफिसातल्या एकाने बॉम्बे जिमखान्यावर भर पावसात रग्बी चाललेली पाहिली होती. त्याने चेंडू आणला, आम्ही पाच जण जमलो. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं. एवढी एक गोष्ट अंगात मुरायला अख्खा जुलै गेला.

खरा क्लब झाला तो कबड्डीमुळे. करावे-दारावे गावांतली पोरं कडेला उभी राहून आमच्यावर हसायची. एकाला म्हटलं, ये, अडव मला. तो वाकला, त्याने घोटा धरला आणि मी चिखलात सपशेल. आमचे हात पकडताना सारखे गळ्याकडे जात, ज्याला रग्बीत पेनल्टी बसते. या पोरांना खाली वाकून धरायला शिकवावंच लागलं नाही. शिकवावं लागलं ते सोडायला. कबड्डीत पकड सुटली की पॉइंट गेला. इथे माणूस खाली पडला की लगेच सोडायचा. पहिला मोसमभर शिट्टी त्यावरच वाजत होती, आणि दर वेळी पोरांचा एकच सवाल: "धरलाय तर सोडू कशाला?"

खो-खो खेळणाऱ्या दोन मुली आल्या त्या पुढच्या वर्षी. त्यांनी धावता धावता दिलेल्या हुलकावण्या आमच्यातल्या एकालाही अजून जमलेल्या नाहीत.

रग्बीच्या पूर्ण संघाला लागणारे पंधरा जण मात्र जमत नसत. कुणाची शिफ्ट, कुणाचा क्लास, कुणाच्या चुलतभावाची हळद. म्हणून आम्ही सात-सातची रग्बी धरली: सात मिनिटांचे दोन डाव, संपलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हीच सात-सातची रग्बी आली आणि फिजीने सुवर्ण जिंकलं. त्या देशाचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. फिजीची लोकसंख्या नवी मुंबईपेक्षाही कमी, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराच्या आईला सांगतो. "मग त्यांच्याकडे मैदानं असतील," असं एकीने ऐकवलं. यावर काय बोलणार?

क्लबच्या पैशांचंही विचारता. शिलकीतून काय घडू शकतं ते आधी ऐका. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला, त्यातून क्लब निघाला. पुढे मंडळी टेनिस-पोलोकडे वळली आणि 1878 मध्ये क्लब मोडला. शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी चषक घडवला: धरायला नागांच्या आकाराचे कान, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजही त्याच कलकत्ता कपासाठी भिडतात. आमची शिल्लक बिस्किटाच्या डब्यात असते आणि सप्टेंबरपर्यंत तिचे वडापाव होतात. त्यातून चमचासुद्धा घडायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मोजलं, तर चक्क पंधरा जण हजर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण संघ! फोटो काढला, ओळीत उभे राहिलो, आणि मग लक्षात आलं की समोर खेळायला कुणीच नाही. शेवटी आठ विरुद्ध सात खेळलो. मी आठवाल्यांत होतो. हरलो.