तुम्ही विचारलंत म्हणून: मेल गेला, पण कुठे?

सर्व्हर सांभाळायचं काम करते म्हटल्यावर जळगाव-भुसावळ पट्ट्यात मला हटकून एकच प्रश्न विचारला जातो. सर्व्हरवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘मेल’ कमांड चालवली, काही कुरकुर न करता ती संपली, म्हणजे मेल गेला ना? मग समोरच्याला मिळत का नाही? आणि मिळालाच तर पाठवणाऱ्याच्या जागी ‘रूट ॲट लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन’ हे कोण अनोळखी गृहस्थ? डाळमिलचा अकाउंटंट विचारतो, सावद्याचा केळीचा व्यापारी विचारतो, पतसंस्थेतला संगणक बघणारा विचारतो. धुळ्या-अमळनेरकडून फोन आला की तोच प्रश्न अहिराणीत येतो: “ताई, मेल तं गया, पन पोचना नही!” म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

‘मेल’ ही कमांड मेल पोचवत नाही. तिचं ते कामच नव्हे. आज ‘मेल’ किंवा ‘मेलएक्स’ या नावाने जे चालतं, ते बहुतेक अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या कर्ट शोएन्स यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामच्या वंशातलं. तुम्ही दिलेला विषय, मजकूर आणि पत्ता एकत्र करायचा आणि ‘सेंडमेल’ नावाच्या दुसऱ्या, मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या हवाली करायचा, एवढ्यावर तिची जबाबदारी संपते. (काही आवृत्त्या सेटिंग करून दिलं तर थेट बाहेरच्या सर्व्हरशी बोलतात, पण आपल्याकडच्या ऑफिसांत ते सेटिंग कोणी केलेलं नसतं.) सेंडमेल एरिक ऑलमन यांचं, १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर पसरलेलं. आता त्या जागी बहुधा पोस्टफिक्स किंवा एक्झिम असतं, पण ‘यूएसआर’ फोल्डरमधल्या ‘एसबिन’मध्ये ‘सेंडमेल’ हे नाव मात्र दोघांनीही जपलंय. नाव बदललं असतं तर जगातल्या अर्ध्या जुन्या स्क्रिप्ट एका रात्रीत बंद पडल्या असत्या.

तेव्हा कमांड बिनतक्रार संपली याचा अर्थ मेल रांगेत लागला, इतकाच. पोस्टफिक्समध्ये तो आधी ‘मेलड्रॉप’ नावाच्या फोल्डरमध्ये पडतो. तिथून ‘पिकअप’ नावाची प्रक्रिया तो उचलते, ‘क्लीनअप’ त्याची हेडरं (मजकुराच्या वरच्या विषय-पत्त्यांच्या ओळी) नीटनेटकी करते, रांगेचा व्यवस्थापक तो घेतो आणि मग कुठे समोरच्या सर्व्हरचं दार वाजतं. समोरच्याने २५० हा आकडा उच्चारला की त्याने मेल स्वीकारला. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे ‘नंतर या’, पाचशेच्या घरातला म्हणजे ‘येऊच नका’. ‘नंतर या’ म्हटलेला मेल ‘डिफर्ड’ रांगेत बसतो आणि मधूनमधून पुन्हा प्रयत्न होतो. मूळ सेटिंगला हात लावला नसेल तर पाच दिवस. त्यानंतर पोस्टफिक्स हात टेकतं आणि पाठवणाऱ्याला ‘पोचला नाही’ असा परतीचा मेल धाडतं.

हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, लिहिलेलं असतं, आणि मला सर्वात नवल याचं वाटतं की लॉग कोणी उघडत नाही. लिनक्सच्या डेबियन-उबुंटू या प्रकारांत बहुधा ‘मेल डॉट लॉग’, रेड हॅटच्या घराण्यात ‘मेललॉग’. ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये. तिथे प्रत्येक मेलच्या ओळीत सेंट, डिफर्ड किंवा बाउन्स्ड असा निकाल आणि त्यापुढे कारण लिहिलेलं असतं. ‘मेलक्यू’ ही कमांड दिली की रांगेत काय अडकलंय तेही दिसतं. फोन करण्याआधी एवढं बघा, अर्धे फोन कमी होतील. माझेही आणि तुमचेही.

अजून एक वाट आहे, तिथे मेल हरवत नाही पण सापडतही नाही. पत्त्यात ॲटचं चिन्ह नसेल, नुसतं ‘रूट’ (मशीनचा मुख्य खातेदार) किंवा ‘बॅकअप’ असं नाव असेल, तर मेल त्याच मशीनवरच्या त्या नावाच्या पेटीत पडतो. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम. रात्रीच्या बॅकअपची क्रॉन स्क्रिप्ट जे काही बडबडते ते क्रॉन डोळे मिटून तिथेच टाकतं. कित्येक ऑफिसांत डिस्क भरल्याची सूचना रूटच्या पेटीत महिनोन्‌महिने पडून असते आणि इकडे डिस्क भरून सॉफ्टवेअर बंद पडल्यावर धावाधाव. ‘इटीसी’मधल्या ‘अलायसेस’ फाइलमध्ये रूटसमोर माणसाचा खरा पत्ता लिहायचा आणि ‘न्यूअलायसेस’ चालवायचं. काम पाच मिनिटांचं आहे.

आता पाठवणाऱ्याचा पत्ता. इथे लोक जास्त गोंधळतात, कारण मेलला पाठवणारे दोन असतात. लग्नपत्रिका हातात घ्या. आत निमंत्रक म्हणून आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सगळ्यांची नावं. पाकिटाच्या कोपऱ्यात मात्र ‘प्रेषक’ म्हणून ज्याने ती टपालात टाकली त्याचा पत्ता. घर सापडलं नाही तर पोस्टमन पाकीट कोपऱ्यातल्या पत्त्यावर परत आणतो. निमंत्रक कोण, हे तो उघडून बघत नाही. मेलचंही असंच. सर्व्हर एकमेकांशी बोलताना ‘मेल फ्रॉम’ म्हणून जो पत्ता सांगतात तो पाकिटावरचा. वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो आतला. हे दोन सारखे असलेच पाहिजेत, असं १९८२ मध्ये ठरलेल्या मूळ नियमांत कुठेही नाही. शेवटचा सर्व्हर पाकिटावरचा पत्ता ‘रिटर्न-पाथ’ या हेडरमध्ये नोंदवतो, पण ते हेडर मुद्दाम उघडून बघावं लागतं.

तुम्ही काहीच सांगितलं नाही तर हे पत्ते मशीन स्वतः जुळवतं: ज्या नावाने लॉगिन केलंय ते नाव, ॲट, आणि मशीनचं जे काही होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, असेल ते. क्रॉन रूटच्या नावाने चालतं आणि होस्टनेम बसवताना कोणी दिलेलं नसतं, म्हणून ते अनोळखी गृहस्थ. पूर्ण नाव येतं ते ‘पासवर्ड’ फाइलमधल्या गेकोस नावाच्या रकान्यातून. हा रकाना जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाचा. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅबमध्ये छपाईची कामं त्या मशीनवर पाठवायला लागणारी माहिती त्यात ठेवत. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, रकाना आपल्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर अजून आहे.

बदलायचं कसं? सेंडमेलला ‘डॅश एफ’ हा पर्याय देऊन पाकिटावरचा पत्ता ठरतो. तोच एफ मोठ्या (कॅपिटल) लिपीत दिला तर पूर्ण नाव. ‘मेल’च्या आवृत्त्यांपैकी हेअरलूम मेलएक्स आणि त्याचा वारस एस-नेल यांत ‘डॅश आर’ दिलं की पाठवणारा ठरतो. डेबियनच्या बीएसडी मेलएक्समध्ये ‘डॅश ए’ देऊन ‘फ्रॉम’चं हेडर घालतात. आणि इथेच मेख आहे: हेअरलूममध्ये ‘डॅश ए’ म्हणजे फाइल जोडणे. उबुंटूवर चालणारी स्क्रिप्ट उचलून हेअरलूम असलेल्या रेड हॅटच्या मशीनवर टाकली की ते बिचारं ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल शोधत बसतं. मट या मेलच्या प्रोग्राममध्ये हा त्रास नाही. तिथे सेटिंगच्या फाइलमध्ये ‘फ्रॉम’, ‘रिअलनेम’ आणि ‘यूज एन्व्हलप फ्रॉम’ अशा तीन ओळी लिहिल्या की दोन्ही पत्ते जुळतात. मला स्वतःला मात्र प्रत्येक स्क्रिप्टमध्ये पत्ता कोंबणं आवडत नाही. पोस्टफिक्समध्ये ‘जेनेरिक’ नावाची यादी असते. मशीनवरचा अमुक पत्ता बाहेर जाताना तमुक करा, एवढं तिच्यात लिहायचं. आतल्या आत फिरणाऱ्या मेलला ती हात लावत नाही. उद्या स्क्रिप्ट दुसऱ्या कोणी लिहिली तरी पत्ता बिघडत नाही.

“मग साहेबांचा जीमेलचा पत्ता टाकून द्या ना,” हा सल्ला मला दर वेळी मिळतो. टाकता येतो, नियमांनी कोणाला अडवलेलं नाही. पण पुढे टिकत नाही. समोरचा सर्व्हर तीन तपासण्या करतो. एसपीएफ बघतं, पाकिटावरच्या डोमेनने (ॲटच्या पुढच्या नावाने) तुमच्या मशीनच्या आयपीला परवानगी दिलीय का. डीकेआयएम मेलवरची डोमेनची डिजिटल सही तपासतं. डीमार्क विचारतं की या दोनांपैकी निदान एक तरी आतल्या ‘फ्रॉम’च्या डोमेनशी जुळतं का. ऑफिसमधल्या मशीनवरून जीमेलच्या नावाने निघालेला मेल तिन्हीकडे नापास होतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या तपासण्या आणखी कडक केल्यात. उत्तर साहेबांकडे जावं एवढीच इच्छा असेल तर ‘रिप्लाय-टू’ हे हेडर त्यासाठीच आहे. आणि पाकिटावरचा पत्ता असा हवा की तो कोणीतरी रोज उघडतं, कारण परतीचे मेल तिथेच येतात. ‘नोरिप्लाय’ ही फॅशन मला कधी पटलेली नाही. ग्राहकाला पत्र लिहायचं आणि त्याचं ऐकायचं मात्र नाही!

काही जण पोस्टफिक्सची भानगड नको म्हणून एमएसएमटीपी बसवतात. छोटा, सरळ प्रोग्राम आहे. लगेच पोचवतो किंवा लगेच एरर देतो. पण त्याला स्वतःची रांग नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की लाइट जाणार, त्याबरोबर नेट जाणार, आणि नेमका तेव्हाचा मेल गेलाच. पोस्टफिक्सची रांग डिस्कवर असते, लाइट आल्यावर ते पुन्हा कामाला लागतं. म्हणून खान्देशात मी पोस्टफिक्सच बसवते.

अमळनेरच्या एका तेलमिलमधल्या भाऊंचे मेलही असेच पोचत नव्हते. लॉग वाचून दाखवा म्हटलं, तर प्रत्येक ओळीत ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आणि पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार. घरगुती ब्रॉडबँडवर हे पोर्ट पुष्कळदा बंदच असतं, स्पॅमच्या भीतीने. त्यांच्या मेल कंपनीचा सर्व्हर ‘रिलेहोस्ट’ (आपले मेल पुढे नेणारा मधला सर्व्हर) म्हणून पोर्ट ५८७ वर लावला, युझरनेम-पासवर्ड दिला, जेनेरिकच्या यादीत पत्ता घातला आणि पोस्टफिक्स रिलोड केलं. “आता ‘पोस्टक्यू’ला ‘डॅश एफ’ द्या, भाऊ, रांग मोकळी होईल.” त्यांनी दिलं. पाच दिवसांच्या आतले जेवढे स्टॉक रिपोर्ट रांगेत शिल्लक होते ते सगळे मालकांच्या फोनवर धडाधड वाजले, आणि दोनच मिनिटांत मालकांचा भाऊंना फोन: हे काय लावलंय?