तीन दरपत्रके आणि एक ओले गोणपाट

आज साताऱ्यातील जुन्या घरावर पहिला मजला चढवण्यासाठी आलेल्या तीन दरपत्रकांतून ठेकेदार निवडायचा होता. सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या कागदावर प्रति चौरस फुटाचा आकडा तेवढा होता. सिमेंट कोणते, सळई कोणत्या प्रतीची, याचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर "घरचंच काम समजा" एवढे उत्तर मिळाले आणि खरे सांगायचे तर काळजी तेथूनच सुरू झाली.

म्हणून दुपारी वडिलांना घेऊन दुसऱ्या ठेकेदाराच्या चालू कामावर न कळवता गेलो. तेथे स्लॅबची सळई शटरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, थेट न टेकवता तिच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला थोडे वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, नीट ठेवलेले दिसले. त्यामुळे सळईखाली राहणारे काँक्रीटचे आच्छादन नसल्यास ओल सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे सुटू लागतात, जे आम्ही आमच्या माजघरात रोज पाहतो. नव्या कॉलमना ओले गोणपाट गुंडाळलेले होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 आणि मिश्र (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी द्यावे, असे आयएस 456 हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक सांगते. वडिलांनी त्याबद्दल विचारताच मुकादमाने तारखा लिहिलेली वहीच पुढे केली.

त्याचा दर अर्थातच जास्त आहे. तरीही काम त्यालाच देत आहोत. पैसे टप्प्याटप्प्याने आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर, असा लेखी करार ठरला. त्याची अट एकच होती, की मध्येच नकाशा बदलायचा नाही. आईची स्वयंपाकघराची खिडकी मात्र अजून ठरलेली नाही.