तोरणा लीडला लागली

अलास्कातल्या फेअरबँक्सला बर्फ एकदाचा बसला. एटीव्ही (बर्फ नसताना कुत्री ओढतात ती चारचाकी गाडी) शेडमध्ये गेली, स्लेज बाहेर आली. यंदा सगळं लक्ष स्लेज ओढणाऱ्या दीड वर्षाच्या दोन कुत्र्यांवर आहे, तोरणा आणि रोहिडा. (इथे प्रत्येक वेताला एका विषयाची नावं द्यायची पद्धत आहे. आमच्या वेताला गडांचीच मिळणार होती!)

नव्याने वाचणाऱ्यांनी निळ्या डोळ्यांची, झुपकेदार सायबेरियन हस्की डोळ्यांपुढे आणू नये. या अलास्कन हस्की. तोरणा जेमतेम वीस किलोची, लांब पायांची. एक कान उभा, एक पडका. अमेरिकन केनेल क्लब यांना जात मानत नाही, कारण पैदास रूपावर झालीच नाही, धावण्यावर झाली. वेगासाठी पॉइंटर या शिकारी कुत्र्यांचं रक्तही आलं. तरी २०१० च्या जनुकीय अभ्यासात यांचा स्वतंत्र गट निघाला. मला तर जात ठरवायची हीच खरी रीत वाटते.

आता प्रगती. तोरणाला लीडमध्ये, म्हणजे सगळ्यांत पुढे, मेपलच्या जोडीला लावलंय. मेपल म्हातारी, शर्यतीतून निवृत्त, पण तिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. आधी फाट्यावर मेपल खांद्याने रेटायची, मग तोरणा वळायची. रविवारी मी 'हॉ' म्हणताच तोरणाचा उभा कान मागे फिरला आणि मेपलच्या आधी तीच डावीकडे झाली. टगलाइन (तिची ओढायची दोरी) क्षणभरही सैल पडली नाही. मी स्लेजवर उभ्या उभ्या ओरडले!

रोहिडाला लीड मानवत नाही, सारखी मागे बघते. व्हीलला, म्हणजे सगळ्यांत मागे, स्लेजला लागून, मात्र झकास. वळणावरचे हिसके निमूट सोसते आणि ओढत राहते.

तापमान शून्याच्या आसपास असलं की बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे गोळे धरतात, म्हणून पायांत बुटी (कापडी मोजे) चढवतेच. धावून आल्यावर प्रत्येक बेचकं अंगठ्याने चाचपून बघते. लाली दिसली की मलम. थंडीत नुसतं पाणी पीत नाहीत, त्यामुळे धावण्याच्या दोनेक तास आधी कोमट पाण्यात मांसाचा रस्सा देते. पातेलं चाटूनपुसून साफ!

ओपन नॉर्थ अमेरिकन ही १९४६ पासूनची, मार्चमधली तीन दिवसांची मोठी शर्यत. तिथे आम्ही प्रेक्षकच. आमचं लक्ष्य चार कुत्र्यांच्या छोट्या शर्यतीचं. त्याआधी तोरणाला मेपलशिवाय एकटीला लीडला लावायचंय, ओळखीच्या आणि कमी फाट्यांच्या वाटेवर. कुणी एवढ्या कोवळ्या वयात एकटं लीड दिलं असेल तर कसं जमवलं ते जरूर सांगा.