थेंबांचे सिम्युलेशन: वाढीपेक्षा विलीनीकरण महत्त्वाचे

पृष्ठभागाचे तापमान भोवतालच्या हवेच्या दवबिंदू तापमानाखाली गेले की त्यावर सूक्ष्म थेंब तयार होऊ लागतात, आणि त्यांचे सिम्युलेशन लिहिताना पहिले लक्ष साहजिकच एकेका थेंबाच्या वाढीकडे जाते. दमट हवेतून बाष्प विसरणाने येत असेल आणि थेंब दाटीने बसलेले असतील, तर एका थेंबाची त्रिज्या काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. मात्र सर्व थेंबांची सरासरी त्रिज्या काळाच्या सम प्रमाणात वाढते. डॅनियल बेसेन्स आणि चार्ल्स नोब्लर यांनी १९८६ मध्ये या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही तफावत निर्माण होते ती थेंब एकमेकांत मिसळत असल्यामुळे, आणि म्हणूनच माझ्या मते प्रोग्रामचा खरा कस विलीनीकरणात लागतो.

विलीनीकरणाचा नियम साधा आहे: दोन थेंबांच्या कडा भिडल्या की घनफळांची बेरीज करावी आणि नवा थेंब दोघांच्या वस्तुमानकेंद्रावर ठेवावा. दोन समान अर्धगोल थेंबांपासून झालेल्या थेंबाची त्रिज्या १.२६ पट होते, पण त्याने व्यापलेले क्षेत्र दुप्पट न होता सुमारे १.५९ पटच होते, म्हणजे आधी झाकलेल्या जागेपैकी सुमारे पाचवा हिस्सा मोकळा होतो. या उघड्या जागेत नवे थेंब जन्मतात. शिवाय नवा थेंब तिसऱ्या शेजाऱ्याला टेकू शकतो, म्हणून एका विलीनीकरणानंतर लगेच पुढे न जाता ही साखळी संपेपर्यंत तपासणी चालू ठेवावी लागते.

एक लाख थेंबांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर त्या सुमारे ५०० कोटी होतात. त्यामुळे पृष्ठभागाचे चौकोनी कप्पे पाडून फक्त शेजारचे कप्पे पाहणे भाग पडते. थेंबांच्या आकारांत फार अंतर असल्याने कप्प्यांचे एकाहून अधिक स्तर ठेवलेले बरे.

आकारांचे हे अंतर किती मोठे असते, हे शुद्ध वाफेच्या बाबतीत स्पष्ट दिसते. १०० अंश सेल्सिअसच्या वाफेत पृष्ठभाग एक अंशाने थंड असेल, तर टिकू शकणाऱ्या सर्वांत लहान थेंबाची त्रिज्या साधारण ०.०२ मायक्रोमीटर असते, तर उभ्या पृष्ठभागावरून घसरणारा थेंब मिलिमीटरच्या घरातला असतो. सगळे थेंब साठवणे शक्य नसल्याने लहानांना वगळण्याचा मोह होतो, आणि पडद्यावरचे चित्र तरीही अगदी खरे वाटते. उष्णतेचा आकडा मात्र चुकतो, कारण पाण्यातून उष्णता सहज वाहत नाही, मोठा थेंब स्वतःच अडसर ठरतो आणि बहुतांश उष्णता लहान थेंबांमधूनच पृष्ठभागापर्यंत पोहोचते. केवळ चित्र पाहून सिम्युलेशनवर विश्वास ठेवू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

यावरचा मला सर्वांत समाधानकारक वाटणारा मार्ग ले फेव्र आणि रोझ यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या आकार-वितरणाचा आहे. त्यानुसार एखाद्या त्रिज्येहून मोठ्या थेंबांनी झाकलेला क्षेत्राचा हिस्सा काढण्यासाठी त्या त्रिज्येला सर्वांत मोठ्या थेंबाच्या त्रिज्येने भागून आलेल्या संख्येचे घनमूळ एकातून वजा करावे. ठरावीक त्रिज्येपर्यंतचे थेंब या सूत्राने मोजावेत, त्यापुढचे एकेक करून हाताळावेत, आणि ती सीमा निम्मी केल्यावरही एकूण उष्णतेचा आकडा जवळपास तोच राहतो का, हे प्रत्येक वेळी तपासावे.